मधे काय आहे

कॅटलॉगात मे महिना नसतो.
तिथे निळं आभाळ, पांढरी डिश, कोपऱ्यात 'पंधरा किलोमीटर'.
इकडे कळमन्यात पत्र्यावर ठेवलेला पाना
फडक्याशिवाय उचलता येत नाही.

लांजेवार शेठ विचारतात, "सगळ्यात भारी कोणता?"
मिरचीच्या पोत्यांवर बारा कॅमेरे,
गोदामातून पारडीतल्या त्यांच्या घरापर्यंत
हवेतून चित्र न्यायचं. चौदाशे मीटर.
भारी म्हणजे काय, शेठ?
साठ गिगाहर्ट्झचा भारीच, वेगाने पळतो,
पण आपल्याकडच्या एका जोरदार सरीत आंधळा होतो.
पाच गिगाचा स्वस्त,
पण त्या पट्टीवर अख्खी इतवारी बोलत असते,
सराफ, केबलवाले, कोचिंग क्लास.
त्यात सोनेगावकडच्या रडारची नुसती चाहूल लागली
की बिचारा चॅनेल सोडून उठून उभा राहतो,
घरात सासरा आल्यासारखा.

मी लाल वहीत मांडते :
चार मेगाप्रमाणे बारा, अठ्ठेचाळीस. धरायचे शंभर.
आणि खोक्यावरचा आकडा
स्थळाच्या चिठ्ठीतल्या पगारासारखा वाचायचा,
अर्धा.

शेवटी पाच गिगाचाच, पण अरुंद तोंडाच्या डिशचा,
जो समोरच्याचंच ऐकेल, शेजाऱ्यांचं नाही.
फेब्रुवारीत लावला. सिग्नल वजा पंचावन्न.
शेठनी दोनदा चहा पाजला.

एप्रिलच्या नऊ तारखेला फोन.
"मॅडम, पोते नाही दिसून राह्यले.
चौकोनं चौकोनं दिसून राह्यले."

मुस्तकीम खांबावर चढला, दुर्बीण लावली.
"काई तं नाही मधे. झाड आहे फक्त."

फक्त झाड.
फेब्रुवारीत त्या कडुनिंबाच्या काड्यांतून
पलीकडची टाकी दिसत होती मला,
टाकीवरचं रंगाऱ्याचं नावसुद्धा.
आता तांबूस, ओली, दाट पालवी,
प्रत्येक पानात थेंबभर पाणी,
आणि पाणी लहर पिऊन टाकतं.
वर नुसती रेष मोकळी असून भागत नाही.
रेषेभोवती फुगीर पोटाची जागा लागते,
मधोमध चहूबाजूंनी चार मीटर.
हे मला ठाऊक होतं. वहीत लिहिलेलंही होतं.
झाडाला पानं येतात, एवढं लिहायचं राहिलं.

झाड बेबीताई डहाक्यांचं.
एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर.
शेठनी कुऱ्हाड आणि दोन हजार देऊन माणूस पाठवला होता.
"सुट्टे नाहीत," म्हणून ताईंनी त्याला
फाटकातूनच परत लावला.

मग मी गेले.
"तुमचा रेडिओ बोलते काय?"
बोलत नाही ताई. मिरची दाखवतो.
"म्हणजे माह्या डोक्यावरून रोज मिरची जाते,
अन् तिकीट नाही?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.
गच्चीवर नेलं मला, स्वतः पुढे,
जिन्यात अजूनही एक हात वर, दांडा धरल्यासारखा.
गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यातून
गोदाम स्वच्छ दिसत होतं. नैर्ऋत्येकडून शेठचं घर.
झाड दोन्हींच्या मधे, आणि दोन्हींच्या बाहेर.

तर आता दोन लिंका. चार रेडिओ, दोन बॅटऱ्या,
पत्र्याची छोटी टोपी, उन्हात डबा उकळू नये म्हणून.
शेठ कुरकुरले : एका झाडापायी दुप्पट खर्च?
मी म्हटलं, झाडापायी नाही, माझ्या घाईपायी.
निम्मे मी सोडले.
ताईंचं तिकीट ठरलं : विजेचं बिल,
आणि झाडाखाली बसून नर्सिंगचा अभ्यास करणाऱ्या
गल्लीतल्या तीन पोरींना नेट.
"पास देजा," त्या म्हणाल्या. "महिन्याचा नाही. कायमचा."

काल हिंगण्याहून एकाचा फोन,
शाळेला, कारखान्याला, सगळ्यांना नेट द्यायचंय म्हणे,
कोणता रेडिओ घेऊ?
मी विचारलं, मधे काय आहे?
"काहीच नाही मॅडम, मोकळं मैदान आहे."

कोणाचं मैदान, मी म्हटलं,
आणि तिथे काय बांधायचं ठरलंय?
पलीकडे बराच वेळ
नुसती खरखर.